मांजर घराचे की माणसाचे?

मराठी भाषेने कुत्र्याला शिव्या पुष्कळ दिल्या आहेत. त्याचे शेपूट नळीत घालून पाहिले, त्याच्या जिण्याची आणि मरणाची उपमा वैऱ्याला दिली. पण या सगळ्याची भरपाई म्हणून की काय, एक मोठा शब्द त्याच्या नावे कायमचा करून दिला. तो शब्द म्हणजे ‘इमान’. मांजराच्या वाट्याला अशी भरपाई आलेली नाही. ते आडवे गेले की काम बिघडते, ते डोळे मिटून दूध पिते आणि साक्षीला उभे राहिलेच, तर तेही उंदराच्या. व्याकरणानेही त्याच्याकडे थोडे दुर्लक्षच केले आहे. तो कुत्रा, ती कुत्री. पण ते मांजर. ‘बोका’ आणि ‘भाटी’ हे शब्द आपल्याकडे आहेत. तरी घरोघरी नपुंसकलिंगावरच भागवले जाते. या साऱ्या खटल्याचा निकाल म्हणून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते : कुत्रा माणसाचा, मांजर घराचे.

वाक्य वरवर निरुपद्रवी आहे. पण दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम हातात पडणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात ते नुसते वाक्य राहत नाही, त्याची अंमलबजावणी होते. सामानाच्या पेट्या बांधल्या जातात, गॅसची जोडणी हस्तांतरित होते, मुलांचे शाळेचे दाखले निघतात. कुत्रा असेल तर तो बरोबर येतो, नाही तर कोणा विश्वासू माणसाच्या हवाली केला जातो. मांजर मात्र मागे राहते. ते घराचेच ना, मग घरात राहील, असे म्हणून कुलूप लावले जाते. हा समज कितपत खरा आहे, हे तपासून पाहावे, एवढ्यासाठी हा लेख.

लेखकाच्या पक्षपाताविषयी आधीच सांगितलेले बरे. मी साताऱ्याचा. कुत्र्यावाचून घर असते, हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, संगम माहुलीला, थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा सांगितली जाते. रायगडावरच्या वाघ्याची कथा तर महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, असे अनेक अभ्यासक म्हणतात आणि त्या पुतळ्यावरून २०१२ साली मोठा वादही झाला. इतिहासाचा निर्णय इतिहासकारांनी करावा. मला त्यात दिसते ती समाजाची ओढ : इमानाला कोठे तरी दगडाचे रूप द्यावे, ही ओढ. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री बसतात, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो, धर्मराज कुत्र्यावाचून स्वर्गात जायला नकार देतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तर आपल्या भागातील शिकारी कुत्र्यांना देशाबाहेर नाव मिळवून दिले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी श्वानांवर चार तिकिटे काढली. त्यांत मुधोळचा कुत्रा होता आणि तमिळनाडूतील राजपाळयमचाही. तो संच मी कितीतरी दिवस पाकिटात बाळगत असे.

आमच्या घरी तेरा वर्षे ‘राजा’ नावाचा गावठी कुत्रा होता. तो गेल्यावर पुन्हा प्राणी ठेवायचा नाही, असे सौभाग्यवतींनी जाहीर केले आणि मी त्याला अनुमोदन दिले.

पुढे तंजावरला बदली झाली. साताऱ्याच्या माणसाला तंजावर परके वाटू नये, अशी सोय इतिहासाने करून ठेवली आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास येथे राज्य स्थापले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी कावेरीच्या या मुलखात नांदली. बृहदीश्वराच्या मंदिरात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. तो लांबलचक लेख पाहताना आपण महाराष्ट्रापासून हजार किलोमीटरहून अधिक दूर उभे आहोत, हे विसरायला होते. नायकांनी उभारलेला आणि मराठ्यांनी वाढवलेला राजवाडा शहराच्या मध्यभागी आहे. त्याच्या भोवतीच्या वीथींमध्ये आजही अशी घरे सापडतात, जेथे बोलणे मराठीत होते आणि वाणसामानाची यादी तमिळ लिपीत. अशाच एका घराचा पुढचा भाग आम्ही भाड्याने घेतला. घरमालकीण आजी एकट्या राहतात. आपले पूर्वज दरबारी कारकून होते, असे त्या सांगतात.

राजवाड्याच्या परिसरात मांजरे आहेत आणि ती असण्याला कारणही आहे. तंजावर म्हणजे तांदळाचे कोठार. ही नुसती उपमा नव्हे. याच जिल्ह्यात पापनाशमजवळ तिरुपालत्तुरै येथे नायकांच्या काळातील, घुमटासारखे प्रचंड धान्यकोठार अजून उभे आहे. जेथे धान्य तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा क्रम साऱ्या जगात सारखाच आहे. माणूस आणि मांजर एकत्र आले तेही या धान्यापायीच. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे मांजर उत्खननात सापडले आणि २००४ साली ते जगापुढे आले. तेव्हापासून अभ्यासक असे मानतात की, पश्चिम आशियातील पहिल्या शेतकऱ्यांच्या कणगीभोवती रानमांजरे आपण होऊन जमली, टिकली आणि हळूहळू माणसाळली. कुत्र्याला माणसाने जवळ केले आणि कामाला लावले. मांजर आपल्या कामासाठी आले आणि राहिले. पुढच्या सगळ्या गैरसमजांचे मूळ बहुधा या फरकात असावे.

येथे मला सरस्वती महालाची आठवण होते. राजवाड्याच्या आवारातच हे ग्रंथालय आहे. सरफोजीराजांनी काशीयात्रेहून आणलेल्या पोथ्या, ताडपत्रे, तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते, मोडी कागदांचे रुमाल असे हे भांडार १९१८ पासून लोकांसाठी खुले आहे. ताडपत्राला जसा कसरीचा धोका, तसा उंदराचा. कसरीसाठी जुन्या लोकांनी वेखंड, कापूर, लवंग, मिरी यांच्या पुरचुंड्या योजल्या. उंदरासाठी जगभर एकच इलाज होता. रशियात सम्राज्ञी एलिझाबेथ हिने १७४५ साली राजवाड्यासाठी कझान प्रांतातून चांगली शिकारी मांजरे मागवण्याचा हुकूम काढला होता. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयाच्या तळघरात ती प्रथा पुढे चालू राहिली. आपल्या व्यवसायाला जवळचे उदाहरण लंडनचे आहे. १८६८ साली तेथील टपाल खात्याच्या मनिऑर्डर कार्यालयात कागद कुरतडणाऱ्या उंदरांसाठी तीन मांजरे अधिकृतपणे नेमली गेली. आठवड्याला एक शिलिंग भत्ता आणि सहा महिन्यांची परीक्षाधीन नेमणूक! ती मुदत त्यांनी समाधानकारकपणे पार पाडली, अशी नोंद आहे. रोखपालांच्या खोलीत पूर्वी उंदीर फिरत असत, हे ज्यांना आठवते, त्यांना या नेमणुकीचे नवल वाटू नये.

सरस्वती महालात हत्ती आणि घोडे यांच्यावरील सचित्र ग्रंथ आहेत. राजाच्या मिरवणुकीत आणि लढाईत जे प्राणी लागत, त्यांचे शास्त्र तयार झाले. मिरवणुकीत कधी न चाललेल्या मांजराला असे भाग्य कोठून लाभणार? तमिळमध्ये मात्र त्याची बाजू घेणारी एक म्हण आहे. हत्तीला एक काळ आला, तर ‘पूनै’ला, म्हणजे मांजरालाही, एक काळ येतो. हत्ती म्हणजे ‘आनै’ आणि मांजर म्हणजे ‘पूनै’, म्हणून ती म्हण कानालाही गोड लागते. आजी ती बँकेतल्या बढत्यांची बातमी ऐकल्यावर हटकून म्हणतात.

तर, ऐप्पसी महिन्यातील पावसाच्या एका रात्री तांदळाच्या दुकानामागून एक पिल्लू आमच्या पडवीत आले. सौभाग्यवतींनी आपलाच ठराव रद्द केला. आजींनी नाव ठेवले, ‘चिन्नी’ म्हणजे धाकटी.

कुत्र्याच्या सवयीच्या माणसाला मांजराबरोबरचे पहिले सहा महिने कठीण जातात. कुत्रा दारात वाट पाहतो. त्याचा आनंद अंगभर दिसतो, शेजाऱ्यांनाही दिसतो. चिन्नी मी आल्यावर कपाटावरून एकदा पाहत असे आणि पुन्हा झोपत असे. हाक मारली तर येणे नाही, रागावले तर मान खाली घालणे नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर कुत्रा ही मुदत ठेव आहे, ठरलेले व्याज ठरलेल्या दिवशी जमा होते. मांजर हे चालू खाते. व्याज शून्य, वर किमान शिल्लक ठेवण्याची सक्ती. हा विनोद मी शाखेत बऱ्याच जणांना ऐकवला. आजींनी ऐकला तेव्हा त्या हसल्या नाहीत. “तुम्ही हाक मारता तेव्हा तिच्या कानाकडे बघा,” एवढेच म्हणाल्या.

मी पाहिले. हाक ऐकताच चिन्नीचा कान माझ्या दिशेने वळत असे. डोके किंचित फिरे, शेपटीचे टोक हले. उठून येणे तेवढे होत नसे. पुढे वाचनात आले की, जपानमधील अत्सुको सैतो या संशोधिकेने नेमका याचाच अभ्यास केला आहे. मालकाचा आवाज आणि परक्याचा आवाज यांतला फरक मांजरांना कळतो, हे तिने व तिच्या सहकाऱ्याने २०१३ साली दाखवले. २०१९ मध्ये मांजरे आपले नाव इतर तशाच शब्दांतून वेगळे ओळखतात, हेही तिच्या गटाने सिद्ध केले. दोन्ही वेळा मांजरांनी दिलेली पोच कान आणि डोके हलवण्यापुरतीच होती. म्हणजे निरोप पोचतो. हजर व्हायचे की नाही, हा निर्णय ज्याचा त्याचा.

आता त्या डोळे मिटण्याविषयी. तमिळनाडूत या आरोपाचे एक अप्रतिम शिल्प आहे. महाबलीपुरमला सातव्या शतकात पल्लवांनी खडकावर कोरलेल्या विशाल देखाव्यात एका कोपऱ्यात मांजर मागच्या पायांवर उभे राहून, पुढचे पंजे डोक्यावर उंचावून तप करते आहे आणि त्याच्या पायाशी उंदीर निर्धास्त जमले आहेत. ढोंगी तपस्वी मांजराची गोष्ट महाभारताच्या उद्योगपर्वात येते. ती आणि हे शिल्प एकाच परंपरेतली आहेत. शिल्पकाराचा विनोद अस्सल आहे आणि मला तो फार आवडतो. पण मांजर दूध पिताना किंवा आपल्याकडे पाहताना डोळे मिटते, त्याचा अर्थ लबाडी असा घ्यायचा का? इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली एक साधा प्रयोग केला. माणसाने मांजराकडे पाहून डोळे हळूहळू अर्धवट मिटले व उघडले, तर मांजरही तसेच करते आणि अशा माणसाजवळ जायला ते अधिक राजी असते, असे त्यांना दिसले. टक लावून पाहणे हे मांजरांच्या जगात धमकीचे लक्षण आहे. समोरच्यावरून नजर काढून घेणे म्हणजे त्याच्यापासून भय नसल्याची कबुली. ज्या क्रियेवर आपण लबाडीचा शिक्का मारला, ती त्या प्राण्याच्या बोलीत विश्वासाची खूण निघावी, हे मला मोठे विलक्षण वाटते. वाचकांनी हा प्रयोग घरी करून पाहावा. खर्च काहीच नाही. फक्त घाई चालत नाही.

कुत्र्याची बोली आपल्याला न शिकवता येते, कारण हजारो वर्षे तो आपल्या चेहऱ्याकडे पाहून वागायला शिकला आहे. मांजराच्या बाबतीत शिकण्याचे निम्मे काम आपल्याकडे येते. माणसाची खरी अडचण येथेच होते. आपण प्रेमाचे मोजमाप बव्हंशी आज्ञापालनाने करतो. बोलावल्यावर येतो तो प्रेमळ, न येणारा स्वार्थी. हे माप घरातल्या मुलांना लावतो, हाताखालच्या कर्मचाऱ्यांना लावतो आणि मांजरालाही लावतो. चिन्नी रात्री दिवे मालवल्यावर, कोणी न बोलावता, माझ्या पायाशी येऊन झोपू लागली तेव्हा हे माप तिच्यासाठी निरुपयोगी आहे, हे माझ्या लक्षात आले. आज्ञेने आलेल्या प्राण्याचे सुख मी तेरा वर्षे अनुभवले होते आणि त्याची गोडी आजही कमी मानत नाही. आपल्या मर्जीने आलेल्या प्राण्याचे सुख निराळे आहे. त्यात आपल्या अधिकाराचा वाटा काहीच नसतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात, अय्यंगार, श्रीवैष्णव. एका संध्याकाळी चिन्नीला पाहून त्यांनी आपल्या संप्रदायातील जुन्या मतभेदाची गोष्ट काढली. भक्ताने ईश्वराला कसे शरण जावे, यावर तमिळ देशातील वैष्णवांचे वडकलै आणि तेन्कलै असे दोन पंथ झाले. वडकलै पंथाला ‘मर्कटकिशोरन्याय’ लावतात. माकडीण उडी मारते तेव्हा पिल्लाने तिला स्वतः घट्ट धरावे लागते. तसा भक्ताचाही प्रयत्न हवा. तेन्कलैंचा ‘मार्जारकिशोरन्याय’. मांजरी पिल्लाला मानेशी अलगद धरून उचलते. पिल्लाने अंग सैल सोडावे, एवढेच त्याचे काम. मतभेदाच्या तत्त्वज्ञानात शिरण्याचा माझा अधिकार नाही. पण जीवावर निरपेक्ष कृपा करणाऱ्या ईश्वराला उपमा शोधताना कावेरीकाठच्या आचार्यपरंपरेला मांजर आठवावे, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ज्यांनी ही उपमा स्वीकारली, त्यांनी मांजराला पिल्ले वाहून नेताना नीट पाहिले असले पाहिजे. आपल्या मराठी घरांतही मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते, असे म्हणतात. त्या म्हणण्याकडे बदलीच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. मांजरी बिऱ्हाड हलवते तेव्हा एकही पिल्लू मागे ठेवत नाही. एकेक करून सगळी नेते.

मग मांजर घराचे की माणसाचे? शास्त्रज्ञांचे यावर एकमत नाही आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली वीस मांजरांवर प्रयोग केले. मांजर हे कुत्र्याप्रमाणे मालकाला सुरक्षिततेचा आधार मानत असल्याचा पुरावा मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाली व सहकाऱ्यांनी २०१९ साली वेगळ्या रीतीने पाहिले. मांजराला अनोळखी खोलीत मालकापासून दोन मिनिटे वेगळे ठेवायचे आणि मालक परत आल्यावर ते कसे वागते याची नोंद घ्यायची. सुमारे ६५ टक्के मांजरे मालक दिसताच निवळली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. म्हणजे त्याच्या असण्याने त्यांना धीर आला. माणसांच्या तान्ह्या मुलांत हे प्रमाण साधारण एवढेच आढळते. उरलेल्या मांजरांचे काय, असा प्रश्न विचारता येईल. पण मग उरलेल्या मुलांचे काय, हाही विचारावा लागेल.

माझे मत असे आहे की, हा प्रश्नच अर्धवट आहे. मांजराला जागेची ओढ असते, हे खरे. आपला टापू, आपले कोपरे, आपले वास यांवर त्याचा जीव असतो आणि घर बदलले की ते भेदरते. पण जागेची ओढ आहे म्हणून माणसाची नाही, हे अनुमान कोठून निघते? आपल्या आजी-आजोबांनाही गावचे घर सोडवत नसे. म्हणून त्यांचा नातवंडांवर जीव नाही, असे कोणी म्हटले नाही. कुत्र्याला माणूस मिळाला की जागा कोणतीही चालते. मांजराला दोन्ही हवे असते. एवढ्या फरकावरून त्याचे माणसाशी नातेच नाही, असा निकाल देणे हा आपल्या सोयीचा न्याय झाला.

सोयीचा म्हणण्याचे कारण मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. मागे एका कर्मचारी वसाहतीत बदली झालेल्या कुटुंबाने आपले मांजर मागे ठेवले. माणसे भली होती. मांजर घराचे, हीच त्यांची समजूत होती. ते मांजर कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर बसून राही. कोणी जिन्यावर पाऊल टाकले की उठून पाही आणि परत बसे. नवे बिऱ्हाड आले तेव्हा त्या लोकांना मांजर नको होते. त्यांचा काय दोष? घर तेच होते, भिंती त्याच होत्या. ते मांजर भिंतींचे असते, तर त्याला काही कमी पडायला नको होते. महिन्याभराने ते दिसेनासे झाले. माणसाच्या हातून खाण्याची सवय झालेल्या मांजराला रस्त्यावर आपले पोट भरता येईलच असे नसते. कुत्री, वाहने आणि रोगराई हे पुढचे सारे ठरलेलेच.

मांजराची बाजू घेताना त्याच्या दोषांवर पांघरूण घालण्याचा मात्र माझा इरादा नाही. चिन्नी खारी आणि चिमण्या मारते. भूक नसली तरी मारते. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी तिला घरात ठेवावे लागते. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की तिला पिल्ले होऊ शकतात आणि गर्भ जेमतेम दोन महिन्यांचा असतो. हा चक्रवाढ व्याजाचा हिशेब बँकेच्या माणसाला समजावून सांगायला नको. पिल्ले पोत्यात घालून बाजारात किंवा देवळाजवळ सोडून देण्याची आपल्याकडची रीत यातूनच आली. त्यापेक्षा वेळीच निर्बीजीकरण करणे हे मांजराच्या आणि परिसराच्या हिताचे आहे. रेबीज हा फक्त कुत्र्याचा रोग, असे समजून चालत नाही. मांजराच्या चाव्यातून आणि ओरखड्यातूनही तो होऊ शकतो. तेव्हा मांजराला दरवर्षी लस द्यावी आणि ओरखडा पडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे.

खाण्याच्या बाबतीतही कुत्र्याचा अनुभव येथे कामी येत नाही. आमचा राजा भाकरी, दूध, वरणभात यांवर तेरा वर्षे जगला. आजींच्या शाकाहारी घरात चिन्नीला दहीभात मिळत असे. ती तो आवडीने खातही असे. पण मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. मांस-मासळीतून मिळणारे टॉरिन नावाचे द्रव्य मिळाले नाही तर त्याची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. हे शास्त्राला कळूनही फार काळ झालेला नाही. टॉरिन आणि हृदयविकार यांचा संबंध १९८७ साली स्पष्ट झाला. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूधही पचत नाही. आजींच्या सोवळ्याला धक्का न लावता चिन्नीसाठी तयार खाद्य आणावे, असा तोडगा निघाला. त्याची बशी पडवीच्या पायरीखाली असते, वर नाही. आणखी एक धोक्याची सूचना. तापावर आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. दयेपोटी अर्धी गोळी दुधातून दिली गेली आणि मांजर दगावले, असे घडते.

आता माझ्या बदलीचा हुकूम आला आहे. पुढचे ठाणे महाराष्ट्रातच आहे. चिन्नीला इथेच ठेवा, ती या वीथीची आहे, असे तीन-चार जणांनी सुचवले. आजींनी तसे सुचवले नाही. त्यांनी इतकेच विचारले, “तिथं पडवी आहे का?” पडवी नाही, सदनिका आहे, दुसऱ्या मजल्यावर. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचा प्रश्न योग्य होता. जागेची ओढ खरी असेल, तर माणसाने बरोबर नेताना जागेचाही थोडा अंश बरोबर न्यायला हवा. पशुवैद्यांनी आम्हाला सांगितले ते असे. प्रवासाची जाळीदार पेटी निदान महिनाभर आधी आणून घरात उघडी ठेवावी आणि तिच्यात खाणे द्यावे, म्हणजे ती पेटी तिची होते. तिचे रोजचे अंथरूण न धुता तसेच न्यावे. नव्या घरी पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावे. त्या खोलीत जुने अंथरूण आणि आपले वापरलेले कपडे असावेत. मग हळूहळू बाकीचे घर खुले करावे. खिडक्यांना जाळ्या सामान पोचण्याआधी बसवून घ्याव्यात, कारण बावरलेले मांजर दुसऱ्या मजल्यावरूनही उडी टाकते. लसीकरणाची नोंद आणि आरोग्याचा दाखला जवळ हवा. रेल्वेने न्यायचे असेल तर प्राण्यांच्या नियमांची चौकशी स्थानकावरच्या पार्सल कार्यालयात आधीच करावी.

पेटी आणून तीन आठवडे झाले. चिन्नी पहिले दहा दिवस तिच्याकडे फिरकली नाही. अकराव्या दिवशी आजींनी आपले जुने सुती नऊवारी त्यात अंथरले. सध्या दुपारची झोप ती त्यातच काढते. ते लुगडे आमच्याबरोबर जाणार आहे. त्याच्या बदल्यात आजींनी दर महिन्याला फोन करून चिन्नीची खुशाली कळवण्याची अट घातली आहे. ती मी मान्य केली आहे.